विद्यालयें आणि वीरस्मारकें

जे आपल्यासाठीं मेले त्यांची आठवण ठेवावी, ही इच्छा मनुष्यजातीइतकीच जुनी आहे. परंतु ती आठवण कोणी, कोठें व कोणत्या रूपानें ठेवावी, याविषयीं निरनिराळ्या काळीं आणि निरनिराळ्या देशीं फार भिन्न कल्पना होऊन गेल्या आहेत. राजानें आपल्या विजयाचा स्तंभ उभारावा, गांवानें आपल्या वीराचा दगड रोवावा आणि शाळेनें आपल्या धारातीर्थीं पडलेल्या विद्यार्थ्यांचीं नांवें आपल्याच भिंतीवर कोरावीं, हे तीन प्रकार वरवर पाहतां सारखेच वाटतात. पण त्यांच्या मुळाशीं असलेली दृष्टि एक नाहीं. यांपैकीं तिसरा प्रकार सर्वांत अर्वाचीन होय. प्रस्तुत लेखांत त्याचा विचार परभणी जिल्ह्याच्या व त्याच्या शेजारच्या, म्हणजे पूर्वीच्या निजामी मराठवाड्याच्या, संदर्भांत करावयाचा आहे. या प्रदेशांत शाळा आणि स्मारक यांचें नातें इतर ठिकाणांहून उलट्या क्रमानें जुळलें. आणि त्या उलट्या क्रमांतच आजच्या शिक्षकांवर व पालकांवर येऊन पडणारी एक जबाबदारी दडलेली आहे, असें आम्हांस वाटतें.

आपल्याकडील सर्वांत जुनें वीरस्मारक म्हणजे वीरगळ. महाराष्ट्रांतील जुन्या देवळांच्या आवारांत, वेशींजवळ, कधीं ओढ्याच्या कांठीं हे कोरीव दगड उभे किंवा आडवे पडलेले दिसतात. त्यांची रचना ठराविक असते. सर्वांत खालच्या चौकटींत वीर लढतांना किंवा पडलेला दाखविलेला असतो. मधल्या चौकटींत अप्सरा त्याला स्वर्गास नेत असतात. वरच्या चौकटींत तो शिवलिंगाची पूजा करीत बसलेला असतो. आणि अगदीं शिरोभागीं चंद्रसूर्य कोरलेले असतात. जोंवर चंद्रसूर्य आहेत तोंवर ही कीर्ति टिको, असा त्यांचा अर्थ. चंद्रसूर्य अद्याप आहेत, दगडही आहे. पण तो वीर कोण होता हें बहुतेक ठिकाणीं कोणासच सांगतां येत नाहीं. कारण आपल्याकडील बहुसंख्य वीरगळांवर नांव कोरलेलें नसतें. गुरें राखणारा कोणी गांवकरी चोरांशीं लढतां लढतां मेला असेल, कोणी सरदाराच्या पदरचा शिपाई असेल. ज्यांनीं दगड उभारला त्यांना नांवाची गरज भासली नाहीं, कारण तें नांव त्यांच्या तोंडीं होतें. दोन-चार पिढ्या गेल्या, तोंडचें नांव विरलें आणि दगड मुका झाला. पुढें त्याला शेंदूर लागला व तो देव झाला. वीरगळांत चित्र आहे, पण नांव नाहीं.

नांवाचें महत्त्व प्राचीन ग्रीकांनीं ओळखलें होतें. अथेन्समध्यें युद्धांत पडलेल्या नागरिकांच्या याद्या दगडावर कोरीत, आणि त्या जमातवार असत. बापाचें नांव त्यांत नसे. श्रीमंताचा मुलगा आणि नावाड्याचा मुलगा एकाच ओळींत येत. परंतु पुढें युरोपांत ही चाल लोपली. अनेक शतकें युद्धस्मारक म्हणजे सेनापतीचा पुतळा असें समीकरण होऊन बसलें. साध्या शिपायाचें नांव सर्रास कोरलें जाऊं लागलें तें बोअर युद्धानंतर, आणि १९१४ ते १९१८ च्या महायुद्धानंतर तर त्या चालीनें सारा इंग्लंड देश व्यापून टाकला. तेथील शाळा यांत अग्रभागीं होत्या, कारण त्यांची हानीच तशी होती. एकट्या ईटन शाळेचे अकराशेंवर माजी विद्यार्थी त्या युद्धांत कामीं आले. विंचेस्टरच्या शाळेनें आपल्या सुमारें पांचशें विद्यार्थ्यांच्या स्मृत्यर्थ एक आच्छादित चौक बांधला. त्याचे स्थापत्यकार हर्बर्ट बेकर, म्हणजे नव्या दिल्लींतील सचिवालयाच्या इमारती ज्यांनीं रचल्या तेच. हा चौक १९२४ सालीं पुरा झाला. तो शाळेच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर मुद्दाम बांधलेला आहे, ही त्यांतील खरी मर्माची गोष्ट. वर्षांतून एकदां फुलें वाहण्यासाठीं जावें अशी ती जागा नव्हे. पुस्तकें बगलेंत मारून वर्गाकडे निघालेल्या मुलानें त्या नांवांच्या मधून रोज जावें, ही तींतील कल्पना आहे.

आतां याच महायुद्धांत पडलेल्या आपल्या माणसांची वाट काय लागली तें पाहूं. मेसोपोटेमियाच्या मोहिमेंत मराठा पलटणींनीं अपार हाल सोसले. १९१६ च्या एप्रिलमध्यें कूत-अल-अमाराचा पाडाव झाला तेव्हां वेढ्यांत सांपडलेल्यांत मराठेही होते. या मोहिमेंतील ज्या मृतांना ज्ञात थडगें नाहीं अशा चाळीस हजारांवर सैनिकांचें स्मारक १९२९ सालीं बसऱ्यास उभें राहिलें. त्यावर गोऱ्या सैनिकांचीं नांवें कोरलीं गेलीं. हिंदी अधिकाऱ्यांचींही कोरलीं गेलीं. पण साध्या हिंदी शिपायांच्या वांट्यास केवळ आंकडा आला: अमुक पलटणीचे अमुक इतके. ज्या आयोगानें हें स्मारक उभारलें त्याचें घोषित तत्त्व मृत्यूनंतर सर्व समान हें होतें! या वर्तनाची चौकशी होऊन त्याच आयोगानें जाहीर क्षमा मागितली ती २०२१ सालीं, म्हणजे त्या शिपायांचीं नातवंडेंही वार्धक्यास पोंचल्यावर. देशांतल्या देशांत तरी याहून निराळें काय झालें? ज्या खेड्यांतून पुष्कळ लोक सैन्यांत गेले त्यांना सरकारनें संगमरवरी शिळा दिल्या. या गांवांतून इतके लोक महायुद्धास गेले व त्यांपैकीं इतके मेले, एवढाच मजकूर. सातारा जिल्ह्यांतील अपशिंगें गांवानें त्या युद्धांत ४६ माणसें गमावलीं. गांवाच्या नांवापुढें आज ‘मिलिटरी’ हा शब्द लागतो तो या परंपरेमुळेंच. शिळेवर आंकडा राहिला, आणि नांवें ज्यांच्या त्यांच्या घरीं राहिलीं. वीरगळांत चित्र होतें पण नांव नव्हतें. या शिळांत चित्रही गेलें आणि केवळ गणित उरलें.

निजामच्या राज्यांतील गोष्ट आणखी वेगळी. दिल्लीच्या तीन मूर्ति चौकांतील १९२२ चें स्मारक हैदराबाद, म्हैसूर आणि जोधपूर या तीन संस्थानांच्या घोडदळांचें आहे. म्हणजे हैदराबादचे स्वारही पॅलेस्टाइनच्या रणांत होते. पण तें स्मारक संस्थानांचें आहे, गांवांचें नव्हे आणि शाळांचें तर नव्हेच. परभणी, वसमत, जिंतूर, गंगाखेड या बाजूस त्या काळीं माजी विद्यार्थ्यांची यादी कोरावी अशा शाळाच मुळीं किती होत्या? माध्यमिक शिक्षणाची भाषा उर्दू. उस्मानिया विद्यापीठ १९१८ सालीं निघालें तेंही उर्दू माध्यमाचें. उर्दूंतून उच्च शिक्षण देण्याचा हा प्रयोग स्वतःपुरता मोठाच होता, आणि त्यांतून भाषांतराचें प्रचंड कार्य झालें हें नाकारण्याचें कारण नाहीं. परंतु ज्या मुलाच्या घरीं मराठी बोलत त्याच्यापुढें शाळेचा उंबरठा चढण्यापूर्वीं दुसरी भाषा चढण्याचा प्रश्न उभा राही. खासगी शाळा काढावयाची तर सरकारची परवानगी लागे, आणि मराठींतून शिकविणाऱ्या राष्ट्रीय वृत्तीच्या शाळेकडे अधिकारी संशयानें पाहत. या अडचणींतून सेलूचें नूतन विद्यालय, अंबाजोगाईचें योगेश्वरी विद्यालय, औरंगाबादचें सरस्वती भुवन अशा मोजक्या संस्था उभ्या राहिल्या. मराठवाड्याच्या राजकारणाचा इतिहास लिहूं जाणाऱ्यास आधीं या शाळांचाच इतिहास लिहावा लागतो.

आणि हा योगायोग नव्हे. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचे अध्वर्यु स्वामी रामानंद तीर्थ हे मूळचे शाळामास्तर. हिप्परगें येथील राष्ट्रीय शाळेंत व पुढें अंबाजोगाईस त्यांनीं अध्यापन केलें, आणि १९३८ सालीं स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहासाठीं तें सोडलें. त्याच वर्षाच्या अखेरीस उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास बंदी झाली, आणि तेथील व औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजांतील विद्यार्थ्यांनीं संप केला. शेंकडों विद्यार्थी काढून टाकले गेले. त्यांना जवळ केलें तें नागपूर विद्यापीठानें. पुढें देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे त्या नागपुरास गेलेल्यांपैकींच एक. १९४७ च्या ऑगस्टमध्यें हिंदी संघराज्यांत विलीन होण्याची मागणी घेऊन चळवळ उभी राहिली तेव्हां पुन्हां वर्ग ओस पडले. मुलें सीमेपलीकडच्या छावण्यांत गेलीं. पैनगंगेच्या पलीकडील उमरखेड हें तेव्हां मध्यप्रांत-वऱ्हाडांत होतें. परभणी-नांदेडकडील कार्यकर्त्यांची एक मोठी छावणी तेथेंच होती. १९४८ च्या जानेवारीअखेर उमरी येथील हैदराबाद स्टेट बँकेवर छापा पडला तोही याच सीमावर्ती लढ्याचा एक भाग. अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजीं हिंदी सेना संस्थानांत शिरली आणि १७ सप्टेंबरला निजामनें शरणागति पत्करली.

या दहा वर्षांत जे मेले त्यांचीं स्मारकें कशीं झालीं? येथें आपण मुख्य मुद्द्यावर येतों. उदगीरचे श्यामलाल हे आर्य समाजाचे कार्यकर्ते. ते १९३८ सालीं बीदरच्या तुरुंगांत मरण पावले. त्यांच्या नांवें उदगीर येथें श्यामलाल स्मारक विद्यालय आहे. गोविंदराव पानसरे यांची २९ ऑक्टोबर १९४६ रोजीं बिलोलीजवळ अर्जापूर येथें हत्या झाली. त्यांच्या नांवाची शाळा धर्माबादेस आहे. हदगांव भागांतील जयवंतराव पाटील यांच्या नांवें हिमायतनगरास महाविद्यालय आहे. आणि परभणी जिल्ह्याच्या दृष्टीनें सर्वांत जवळचें उदाहरण म्हणजे वसमत तालुक्यांतील वापटी गांवचे बहिर्जी शिंदे. हे शेतकरी घराण्यांतील पुरुष रझाकारी अंमलाविरुद्धच्या सशस्त्र लढ्यांत धारातीर्थीं पडले. वसमत हा तालुका तेव्हां परभणी जिल्ह्यांत होता. १ मे १९९९ रोजीं हिंगोली जिल्हा निराळा झाला तेव्हां तो तिकडे गेला. त्या वसमतेस आज बहिर्जी स्मारक महाविद्यालय आहे.

या नांवांतील ‘स्मारक’ हा शब्द लक्ष देऊन वाचण्यासारखा आहे. बहिर्जी विद्यालय असें नुसतें नांव देतां आलें असतें. तें न देतां ‘स्मारक’ हा शब्द मध्यें घातला, त्यांत मराठवाड्याचें सारें मन उघड झालें आहे. विंचेस्टरमध्यें शाळा आधीं होती. तिचे विद्यार्थी मेले, म्हणून तिनें स्मारक बांधलें. येथें माणूस आधीं मेला, आणि त्याच्या मरणाचें स्मारक म्हणून शाळा बांधली गेली. तिकडे शाळेच्या आवारांत स्मारक आहे. इकडे स्मारकाच्या आवारांत शाळा भरते. ज्या प्रदेशाला शाळा हीच दुर्मिळ वस्तु होती, त्यानें आपल्या हुतात्म्यास वाहण्यासाठीं घरांतील सर्वांत मोलाची वस्तु निवडली असेंच म्हटलें पाहिजे. दगडी स्तंभ त्यांना परवडला नसता असें नव्हे. परभणीस राजगोपालाचारी उद्यानांत स्मृतिस्तंभ आहे, आणि दरवर्षीं १७ सप्टेंबरला तेथें ध्वजवंदन होतें. १९८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत राज्य सरकारनें महाराष्ट्रभर दोनशेंवर हुतात्मा स्मारकें बांधलीं. त्यांतील कित्येकांना आज कुलूप आहे, कित्येकांच्या कौलांतून पाणी गळतें. पण शाळेला कुलूप लागत नाहीं. ती दर जूनमध्यें नव्यानें भरते, आणि हुतात्म्याचें नांव दरवर्षीं कांहीं हजार दाखल्यांवर व गुणपत्रकांवर उमटतें. याहून चिरंजीव स्मारक कोणतें?

तरी येथेंच धोकाही आहे. जें नांव रोज उच्चारलें जातें तें रोज झिजतें. मुखपृष्ठावर ‘हु.’ हें एकाक्षरी संक्षिप्त रूप येतें, आणि त्याचा अर्थ हुतात्मा असा आहे हें मुलांस विचारल्यावांचून सुचत नाहीं. लांब नांवाचीं इंग्रजी आद्याक्षरें होतात. मग बसचा वाहक, दुकानदार आणि खुद्द विद्यार्थीही तीं आद्याक्षरेंच बोलतात. ज्या मनुष्यानें नांवापलीकडे मागें कांहीं ठेवलें नव्हतें, त्याच्या नांवाचींही दोन अक्षरें होऊन बसतात. वीरगळांत चित्र होतें पण नांव नव्हतें. सरकारी शिळेंत आंकडा होता पण नांव नव्हतें. आमच्या शाळांत नांव आहे, पण कथा नाहीं. आणि कथा सुटली कीं नांव सुटावयास वेळ लागत नाहीं, हें वीरगळांच्या इतिहासावरून आपणांस ठाऊक आहे.

नांव आणि कथा यांची सांगड कशी घालतां येते याचीं उदाहरणें आपल्याच देशांत आहेत. पाटण्यास ११ ऑगस्ट १९४२ रोजीं सचिवालयावर तिरंगा लावण्यास निघालेले सात विद्यार्थी गोळीबारांत मेले. देवीप्रसाद रायचौधुरी यांनीं घडविलेलें त्यांचें शिल्प तेथें १९५६ पासून उभें आहे. त्या सातांची जी यादी आजही दिली जाते तींत प्रत्येकाच्या नांवाबरोबर त्याची शाळा आणि इयत्ता असते. ‘इयत्ता नववी’ हे दोन शब्द सबंध व्याख्यानाचें काम करतात. वाचणारा नववींतला मुलगा असेल तर तो मनाशीं आपलें वय मोजल्यावांचून राहणार नाहीं. आपल्या खानदेशांत नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ रोजीं शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती असेच पडले. तेथील चौकांतलें स्मारक गांवाच्या रोजच्या वाटेवर आहे, आणि शिरीषकुमारचें शाळकरी वय त्या कथेचा अविभाज्य भाग होऊन राहिलें आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनींत ‘हट ऑफ रिमेंब्रन्स’ म्हणून एक लहानसें स्मृतिमंदिर आहे. तें प्रबोधिनीच्या छात्रांनीं स्वतः श्रमदान करून बांधलें, आणि तेथून शिकून गेलेल्या व पुढें रणांत पडलेल्या अधिकाऱ्यांचीं नांवें त्यांत आहेत. काँगोमध्यें १९६१ सालीं पडलेले गुरबचनसिंग सलारिया, १९७१ च्या युद्धांतील अरुण खेत्रपाल, कारगिलचे मनोजकुमार पांडे हे तिघेही परमवीरचक्राचे मानकरी याच संस्थेचे विद्यार्थी. दीक्षान्त संचलनापूर्वीं बाहेर पडणारे छात्र तेथें जाऊन मानवंदना देतात. उद्यां ज्यांच्यावर तीच वेळ येऊं शकते त्यांनीं ती नांवें वाचावयाचीं, इतका थेट संबंध तेथें आहे.

कथा सांगावयाची म्हटलें म्हणजे ती पुरी सांगितली पाहिजे, हेंही येथें स्पष्ट करणें आम्ही कर्तव्य समजतों. मराठवाड्याच्या संग्रामाची कथा धर्माच्या रेघेनें दोन भागांत कापतां येत नाहीं. ‘इमरोज’ या उर्दू पत्राचे तरुण संपादक शोएबुल्लाखान यांनीं विलीनीकरणाचा पुरस्कार केला म्हणून २२ ऑगस्ट १९४८ रोजीं हैदराबादेंत त्यांचा खून झाला. ते आमचेच हुतात्मे आहेत. आणि सप्टेंबर १९४८ नंतरच्या दिवसांत मराठवाड्यांतील व कर्नाटकांतील अनेक गांवीं निरपराध मुसलमानांवर जो सूड उगवला गेला, त्याची चौकशी करण्यासाठीं पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखालीं नेहरूंनीं एक समिति पाठविली होती. त्या समितीनें मृतांची संख्या २७ ते ४० हजार अशी अंदाजिली. तिचा अहवाल अनेक दशकें दप्तरांत पडून राहिला व २०१३ च्या सुमारास अभ्यासकांस खुला झाला. त्या मृतांचें कोठेंही स्मारक नाहीं. चित्र नाहीं, नांव नाहीं आणि पुष्कळ गांवीं आंकडाही नाहीं. परभणीच्या कोणत्याही शाळेंत आज दोन्ही समाजांचीं मुलें एका बाकावर बसतात. त्यांना अर्धी कथा सांगणें म्हणजे त्यांच्यापैकीं एकास त्या बाकावरून उठविण्यासारखें आहे. हुतात्म्याचा गौरव खरा असेल तर पुऱ्या सत्यानें तो कमी होत नाहीं. जुलमी राजवटीविरुद्ध लढणारा बहिर्जी आणि सुडाच्या भरांत शेजाऱ्यावर हात उचलणारा कोणी अनामिक, यांतील भेद मुलांना समजेल असाच आहे, फक्त तो कोणी सांगितला पाहिजे.

तेव्हां करावयाचें काय, असा प्रश्न वाचक विचारतील. नवे स्तंभ नकोत आणि नवा निधीही नको. ज्या ज्या शाळेस हुतात्म्याचें नांव आहे तिनें त्याचें एक पानभर चरित्र, खात्रीलायक तेवढेंच, लिहून काढावें. तो कोणत्या गांवचा, काय शिकला किंवा शिकूं शकला नाहीं, काय केलें आणि कसा मेला एवढें त्यांत यावें. तें प्रवेशद्वाराशीं, मुलांच्या रोजच्या वाटेवर, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावावें. दर १७ सप्टेंबरला तें पाहुण्यानें नव्हे तर विद्यार्थ्यानें वाचावें. आणि संक्षिप्त नांव व्यवहारांत चालतें तसें चालूं द्यावें, पण निदान शाळेच्या हजेरीपटावर तरी तें पुरें लिहावें. हें पान लिहिण्याचें काम इतिहासाच्या शिक्षकानें विद्यार्थ्यांकडूनच करवून घेतलें तर फार बरें. कारण मुक्तिसंग्राम डोळ्यांनीं पाहिलेलीं माणसें आतां नव्वदीच्या घरांत आहेत, आणि ज्या आजोबांस गोष्ट विचारावयाची ते पुढच्या जूनपर्यंत थांबतीलच असें नाहीं.

वीरगळ उभारणाऱ्यांचा विश्वास चंद्रसूर्यांवर होता, आणि इंग्रज सरकारचा संगमरवरावर. मराठवाड्यानें आपल्या मृतांची ठेव शाळेच्या हवालीं केली. ती निवड शहाणपणाची होती. मात्र शाळा म्हणजे इमारत नव्हे. शिकविणारा आणि शिकणारा मिळून ती होते, आणि ज्या दिवशीं त्या दोघांपैकीं एकालाही दारावरील नांवाचा अर्थ सांगतां येणार नाहीं, त्या दिवशीं तेथें इमारत राहील, वर्गही भरतील, पण स्मारक उरणार नाहीं.